शिवनेरीवरून ठाण्यात शिवज्योत आणायचीय? मग हे करा

१९ फेब्रुवारी जवळ आली की आमच्याकडे गल्लीगल्लीत एकच विषय, यंदा ज्योत कोण आणतंय! रूट साधा आहे, जुन्नर, गणेशखिंड, माळशेज, मुरबाड, कल्याण करत ठाणे. पोलिसांना आधी लेखी कळवा, रूट आणि वेळ द्या.

आता मशाल. जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून तारेने करकचून बांधा, सैल राहिलं की पेटलेली चिंधी पळणाऱ्याच्या अंगावर पडते. पेटत्या मशालीवर तेल अजिबात ओतायचं नाही, दुसरी मशाल भिजवून तयार ठेवा आणि हिच्यावर ती पेटवा. शिवाय टेम्पोत एक कंदील त्याच ज्योतीने पेटवून ठेवा, ऑलिम्पिकवाले पण मूळ ज्योत अशीच कंदिलात जपतात, म्हणजे घाटातल्या वाऱ्याने मशाल विझली तरी ज्योत खंडित होत नाही.

टीशर्ट सुतीच घाला, पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. दर अर्ध्या किलोमीटरला माणूस बदला, चढावर त्याहून लवकर. रात्री रिफ्लेक्टर जॅकेट मस्ट, आणि टेम्पो कायम पळणाऱ्याच्या मागे.

कळवा पूल ओलांडायच्या आधी घरी फोन करा, कारण जांभळी नाक्यावर ढोल-ताशा लागलेला असतो आणि आया-बहिणी आरतीचं ताट घेऊन केव्हाच्या उभ्या असतात. तिथे घाई करू नका, प्रत्येकीला ओवाळू द्या, लहान पोरांनाही चार पावलं सोबत पळू द्या.