इंदूरच्या कोरड्या हवेत एअरब्रशसाठी अ‍ॅक्रिलिक रंग पातळ करताना

प्लास्टिकच्या मॉडेलवर रंग फवारायला एअरब्रश हातात घेतला की पहिला प्रश्न येतो: थिनर, म्हणजे रंग पातळ करणारं द्रव, किती घालायचं? त्याआधी बाटलीवरचं नाव वाचा. ‘अ‍ॅक्रिलिक’ म्हणून दोन अगदी वेगळ्या जातीचे रंग विकले जातात.

तामिया या जपानी कंपनीच्या एक्स आणि एक्सएफ मालिकांच्या रंगांना कंपनीचंच एक्स-२०ए थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लॅकर थिनरही चालतं, आणि त्यानं रंग जास्त गुळगुळीत बसतो. पण मग वाफ अडवणारा फिल्टरचा मास्क आणि उघडी खिडकी हवीच. अल्कोहोल असो वा लॅकर, जवळपास गॅस किंवा देवघरातली समईसुद्धा पेटलेली नको. वालेहो या स्पॅनिश कंपनीचे ‘मॉडेल कलर’ रंग मात्र पाण्यावरचे. त्यांत अल्कोहोल पडलं की रंग फाटतो, गुठळ्या होतात आणि नोझल (फवाऱ्याचं तोंड) तुंबलंच म्हणून समजा. त्यांना त्यांचंच थिनर द्या. पाणी वापरायचं असेल तर बोरिंगचं नको, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड आणा, आणि फ्लो इम्प्रूव्हरचे एक-दोन थेंब टाका, नाहीतर रंग प्लास्टिकवर पसरण्याऐवजी गोळा होतो.

आता प्रमाण. तामिया: दोन भाग रंगाला एक भाग थिनर इथून सुरुवात करा, गरज पडली तर समसमान करा. मॉडेल कलरही साधारण समसमान. वालेहोचाच ‘मॉडेल एअर’ आधीच पातळ असतो, त्याला फार तर दोन थेंब. वेगळ्या कपात आधी थिनर घ्या, त्यात ड्रॉपरनं रंग सोडा आणि काडीनं सावकाश ढवळा. मूळ बाटलीत थिनर ओतू नका.

आकड्यांपेक्षा मी कपाच्या भिंतीवर जास्त विश्वास ठेवतो. काडीनं मिश्रण भिंतीवर चढवा. दुधासारखा पातळ थर मागे ठेवून ते सावकाश खाली उतरलं, तर जमलं. जाड पट्टा तसाच चिकटून राहिला तर घट्ट आहे, भिंत लगेच स्वच्छ दिसली तर फार पातळ.

मग प्लास्टिकच्या चमच्यावर फवारा. ०.३ मिमी नोझलला १५ ते २० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरे. ओला रंग पळून फाटे फुटले, तर मिश्रण पातळ आहे, दाब जास्त आहे किंवा हात फार जवळ आहे. जाड ठिपके उडाले तर थिनर वाढवा. पृष्ठभाग खरखरीत, पिठूळ लागला तर रंग हवेतच वाळतोय.

ही शेवटची तक्रार इंदूरमध्ये सगळ्यात जास्त. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी ठणठणीत, आणि जानेवारीत उत्तम चाललेलं मिश्रण नोझलच्या टोकावरच सुकतं. अशा वेळी नुसतं थिनर वाढवून भागत नाही, कारण अल्कोहोल तर अजून लवकर उडतं. रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब घाला, दाब थोडा उतरवा, मॉडेलच्या जरा जवळ या. दुपारी पंख्याखाली किंवा कूलरच्या झोतात तर बसूच नका. माळव्यातली पहाट थंड असते, काम तेव्हा करा. मधूनमधून थिनर लावलेल्या कापसाच्या काडीनं सुईचं टोक पुसत राहा.

पावसाळ्यात उलटं होतं. कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो आणि नळीतून पाण्याचे थेंब थेट रंगात येतात, म्हणून नळीत पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप लावा आणि रोज रिकामा करा.

रंग बदलताना कप थिनरनं धुऊन तेच फवारून काढा. तामियानंतर वालेहो घेणार असाल, तर अल्कोहोल पूर्ण निघेपर्यंत डिस्टिल्ड पाणी फवारा आणि मगच नवा रंग ओता.