बोअरचं पाणी आणि पिवळा कढीपत्ता
कुंडीच्या काठावर पांढरा थर, कढीपत्त्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्याच? खत वाढवू नका. दोष बहुधा बोअरच्या जड पाण्याचा. त्यातल्या क्षारांनी माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. बादली रात्रभर उघडी ठेवली तर क्लोरीन उडतो, क्षार मात्र तसेच राहतात. आमच्याकडे एसीच्या नळीखाली बादली असते. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून ते पाणी बोअरच्या पाण्यात निम्मं निम्मं मिसळायचं. पावसाळ्यात तर कुंड्या सरळ पावसात सरकवा, साचलेले क्षार खालच्या भोकातून वाहून जातात. ताटलीत उतरलेलं पाणी फेकून द्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीत अजिबात नको, त्यात क्षार उलट जास्त. फरशी पुसायला चालेल.