लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेटची तयारी: हात दिसले पाहिजेत

स्टेजवर इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणार असाल, तर टेबलापासून सुरुवात करा. लॅपटॉपचं झाकण प्रेक्षकांसमोर उभं राहिलं की वाजवणाऱ्याचे हात लपतात. मग मागे कितीही मोठी एलईडी वॉल लावा, लोकांना वाटतं की तयार गाणं नुसतं चालू केलंय. लॅपटॉप बाजूला, खालच्या स्टँडवर ठेवा. पॅड (बोटांनी फटका मारून आवाज काढायची बटणं), सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर काढणारं वाद्य), मिक्सर पुढे आणा आणि त्यांना प्रेक्षकांच्या बाजूला थोडा उतार द्या.

नंतर सेट, म्हणजे वाजवायची सगळी गाणी, ऐकत ऐकत कागदावर लिहून काढा: कोणता आवाज कोणत्या हालचालीतून निघतो, आणि ती शेवटच्या रांगेतून दिसते का? फिल्टरचा, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारा, नॉब फिरलेला चार रांगांपलीकडे कुणाला कळत नाही, पॅडवरचा फटका कळतो. फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार यांची लेझर हार्प (तारांऐवजी प्रकाशकिरण असलेलं वाद्य) १९८०च्या दशकापासून लोकांना भुरळ घालते ती याचमुळे. हात किरणात गेला की सूर उमटतो, वेगळं समजावावं लागत नाही. म्हणून गाण्यातले मोठे बदल नॉबवरून पॅडवर आणा. काहीच बदलत नसताना नॉब फिरवल्याचा आव मात्र आणू नका, तो ऐकायला आलेल्यांचा अपमान आहे.

नाचायचं की स्थिर राहायचं, हेही आधीच ठरवा. क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचे चौघं एका रांगेत जवळजवळ न हलता उभे असतात. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी सलग आठ रात्री थ्रीडी दृश्यांसह असेच कार्यक्रम केले. ती स्थिरता बसवलेली असते. कपडे, उभं राहायच्या जागा, मागची दृश्यं, सगळं तिला धरून असतं. अर्धवट डोलणं सगळ्यात वाईट दिसतं.

व्हीजेला, म्हणजे पडद्यावरची दृश्यं चालवणाऱ्याला, गाण्यांचा क्रम आणि प्रत्येकाचा टेम्पो लेखी द्या. पडदा फार उजळ असेल तर तुमची नुसती काळी आकृती उरते, म्हणून हातांवर बाजूने एक दिवा लावायला सांगा. हातांवर कॅमेरा लावून ते चित्र पडद्यावर दाखवणार असाल तर साउंडचेकला टाळी वाजवून बघा. चित्र आवाजामागून येत असेल, तर फटक्यांचे क्लोजअप नकोत.

स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा दिवा) थोडाच वेळ वापरा आणि दारावर तशी सूचना लावा. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. लेझर लोकांच्या डोळ्यांवर येणार नाही, हे स्वतः उभं राहून तपासा. धूर सोडायचा असेल तर फायर अलार्मबद्दल हॉलच्या मॅनेजरशी आधी बोला.

आपल्याकडे मोकळ्या मैदानात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतात, त्यामुळे नवख्यांना बऱ्याचदा उन्हातली वेळ मिळते. तेव्हा प्रोजेक्टरवर विसंबू नका.

शेवटी एक तालीम मागच्या भिंतीजवळून मोबाइलवर शूट करा आणि आवाज बंद करून बघा. ड्रॉप, म्हणजे ताण वाढवून बीट जोरात सुरू होते ती जागा, कुठे आला हे नुसत्या हालचालीवरून ओळखता येत नसेल, तर त्या जागा पुन्हा बसवा. त्यानंतरची तालीम पडद्यावरची दृश्यं बंद ठेवून करा.