शेंगदाण्याची ॲलर्जी: मुलाचा रोजचा त्रास कसा मोजाल?

पुरळ किती वेळा उठलं, एवढंच लिहून ठेवू नका. माझ्या लेकीला शेंगदाणा चालत नाही. रंकाळ्यावर मैत्रिणी भडंग खातात तेव्हा ती लांब उभी राहते, तेही मोजायलाच हवं. त्यासाठी ‘एफएक्यूएलक्यू’ ही प्रश्नावली आहे, म्हणजे खाण्याच्या ॲलर्जीचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते विचारणारे प्रश्न. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पालकांचा फॉर्म असतो. प्रत्येक प्रश्नाला ० ते ६ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. आकडा मोठा, तेवढा त्रास जास्त. ८ ते १२ वर्षांच्या मुलांचा फॉर्म वेगळा आहे. तो त्यांनाच भरू द्या, शेजारी बसून उत्तरं अजिबात सुचवू नका! आईची भीती वेगळी, लेकराची वेगळी. काही महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरा आणि दोन्ही वेळचे फॉर्म डॉक्टरांना दाखवा.