पायथॉनमध्ये जेडब्ल्यूटी टोकनची सही तपासताना

जेडब्ल्यूटी, म्हणजे लॉगिन वगैरेनंतर ओळख पटवायला दिलं जाणारं टोकन, हे टिंबांनी जोडलेले तीन तुकडे असतात: हेडर (सहीची पद्धत), पेलोड (आतली माहिती) आणि सही. पहिले दोन फक्त बेस६४यूआरएल या साध्या अक्षरांच्या लिपीत लिहिलेले असतात, एन्क्रिप्ट केलेले नसतात. कुणीही उलगडून वाचू शकतं. त्यामुळे सही जुळेपर्यंत आतल्या कशावरही विसंबायचं नाही, हेडरवरसुद्धा नाही.

एचएस२५६ पद्धतीत सही करणारा आणि तपासणारा दोघांकडे एकच सीक्रेट असतं. म्हणजे जो तपासू शकतो तो खोटं टोकनही बनवू शकतो. टोकन बाहेरच्या कंपनीला तपासायचं असेल तर हे सीक्रेट तिला देऊ नका, आरएस२५६ वापरा; त्यात सही खाजगी किल्लीने होते आणि तपासणी वेगळ्या, उघड किल्लीने.

सीक्रेट किमान ३२ बाइटचं आणि रँडम हवं. ‘कंपनीचं नाव१२३’ असलं काही ठेवलंत, तर हाती आलेल्या एकाच टोकनवर हल्लेखोर घरबसल्या लाखो शब्द चालवून बघतो आणि तुमच्या लॉगमध्ये त्याची नोंदही होत नाही. ओपनएसएसएलच्या रँड कमांडने ३२ बाइट हेक्समध्ये काढले की ६४ अक्षरं मिळतात. ती एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, गिटमध्ये नाही.

लायब्ररी पायजेडब्ल्यूटी. पिपवर नुसत्या ‘जेडब्ल्यूटी’ नावाचं वेगळंच पॅकेज आहे आणि दोन्ही एकाच नावाने इम्पोर्ट होतात. दोन्ही बसली असतील तर डीकोड फंक्शनच सापडेनासं होऊ शकतं. चुकीचं काढून टाका आणि बरोबरचं पुन्हा बसवा.

एचटीटीपी विनंतीच्या ऑथरायझेशन हेडरमधला ‘बेअरर’ शब्द आणि त्यापुढची मोकळी जागा काढून उरलेलं टोकन डीकोड फंक्शनला द्या. सोबत सीक्रेट आणि अल्गोरिदमची यादी. यादीत फक्त एचएस२५६. हे नाव टोकनच्या हेडरमधून उचललंत तर काही लायब्ररींमध्ये हल्लेखोर तिथे ‘नन’ (सही नाही) लिहून सहीच टाळू शकतो. टोकनमध्ये एक्स्प, म्हणजे मुदत, नसेल तर लायब्ररी मुकाट्याने ते मान्य करते, म्हणून ऑप्शन्समध्ये एक्स्प सक्तीचं करा. दोन सर्व्हरची घड्याळं थोडी मागेपुढे असतात, तेवढ्यासाठी ३० सेकंदांचा लीवे, म्हणजे सूट, पुरे. टोकनमध्ये ऑडियन्स (टोकन कुणासाठी आहे ते) असेल आणि तुम्ही डीकोडला तो दिला नसेल, तर सही बरोबर असूनही एरर येईल.

‘सही जुळत नाही’ ही एरर आली की आधी दोन्ही बाजूंना सीक्रेटची बाइटमधली लांबी छापा (सीक्रेट नव्हे!). ६४ ऐवजी ६५ आली तर शेवटी न्यूलाइन चिकटली आहे, बहुतेक एको कमांडने. एकीकडे ६४ आणि दुसरीकडे ३२ असेल तर एक बाजू हेक्स उलगडते आहे, दुसरी तसंच वापरते आहे. बेस६४ सीक्रेटचंही असंच होतं.

लायब्ररीशिवाय करायचं असेल तर एचमॅक (एचएस२५६ मधली, सीक्रेट वापरून काढलेली सही) पहिल्या दोन तुकड्यांवर, मधल्या टिंबासकट, जसे आले तसेच काढा. जेसन उलगडून पुन्हा बांधलंत की एखादी स्पेस बदलते आणि सही तुटते. सहीचा तुकडा ४३ अक्षरांचा असतो, शेवटी बरोबरचं चिन्ह नसतं. पायथॉनला उलगडताना ते लागतं, म्हणून एक जोडा. तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी नको, एचमॅक मॉड्यूलमधल्या कम्पेअर डायजेस्टने करा.

एक्स्प सेकंदांत असतो. जावास्क्रिप्टचं डेट नाऊ मिलिसेकंद देतं. ते तसंच भरलं तर टोकन पन्नास हजार वर्षं चालेल आणि एकही टेस्ट बोंब मारणार नाही.

सीक्रेट बदलताना नव्या टोकनांवर नव्या सीक्रेटने सही करा, तपासताना मात्र जुनंही चालू द्या. सर्वांत लांब मुदतीचं जुनं टोकन संपलं की जुनं सीक्रेट काढून टाका.