वेब प्रोग्रामिंगमधील अधिक चांगल्या नोकरीसाठी: अर्ज करण्यापूर्वीची तयारी

हिंजवडी किंवा मगरपट्ट्यातील एखाद्या सर्व्हिस कंपनीत दोन-चार वर्षे काम करून आता प्रॉडक्ट कंपनीत जाऊ पाहणाऱ्यांनी एक खूणगाठ आधीच बांधावी: रेझ्युमेवर किती फ्रेमवर्कची नावे आहेत यापेक्षा, ब्राउझरमधून निघालेली एक रिक्वेस्ट सर्व्हरमार्गे डेटाबेसपर्यंत जाऊन परत कशी येते हे आपण किती खोलवर सांगू शकतो, याला मुलाखतीत अधिक वजन असते. म्हणून तयारीही त्याच वाटेने करावी.

सुरुवात जावास्क्रिप्टपासून करावी, आणि तीही रिॲक्ट ही तयार लायब्ररी बाजूला ठेवून. क्लोजर (बाहेरच्या फंक्शनमधील व्हेरिएबल लक्षात ठेवणारे फंक्शन), प्रॉमिस (नंतर येणाऱ्या निकालाची जागा धरणारे ऑब्जेक्ट) आणि इव्हेंट लूप (रांगेतील कामे एकेक करून चालवणारी यंत्रणा) यांच्या व्याख्या पाठ असून भागत नाही. सेटटाइमआउटला (काम ठरावीक वेळाने चालवणाऱ्या फंक्शनला) शून्य मिलिसेकंद दिले तरी आधीच पूर्ण झालेल्या प्रॉमिसचा कॉलबॅक, म्हणजे नंतर चालायचे फंक्शन, त्याच्या अगोदर का धावतो, हे कागदावर क्रम मांडून समजावता आले पाहिजे. टाइपस्क्रिप्ट, म्हणजे टाइपची तपासणी जोडलेली जावास्क्रिप्ट, आता बहुतेक ठिकाणी गृहीत धरले जाते, त्यामुळे ते शिकून घ्यावेच. बटणाच्या जागी डिव्ह हा साध्या चौकटीचा टॅग वापरल्यास कीबोर्डवर काम करणाऱ्याची अडचण होते, एवढे भानही एचटीएमएल लिहिताना असावे.

त्यानंतर एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम. 401 (ओळख पटलेली नाही) आणि 403 (परवानगी नाही) या उत्तर-क्रमांकांतील फरक, 304 (बदल झालेला नाही) केव्हा येतो, कॅशचे (साठवून ठेवलेल्या प्रतीचे) हेडर कोण पाळतो, हे ब्राउझरच्या डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये स्वतः पाहून घ्यावे. पोस्टमन या तपासणीच्या साधनातून व्यवस्थित चालणारी एपीआय ब्राउझरमध्ये कॉर्सची (दुसऱ्या डोमेनवरील उत्तर वाचण्याच्या परवानगीची) चूक का दाखवते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु ते बंधन ब्राउझर लादतो, सर्व्हर फक्त परवानगीचे हेडर पाठवतो, हे उत्तर देता येणारा उमेदवार लगेच वेगळा उठून दिसतो. पैसे भरण्याचे बटण ग्राहकाने दोनदा दाबले तर रक्कम दोनदा कापली जाऊ नये यासाठी सर्व्हरवर काय कराल, याचाही विचार करून ठेवावा.

सर्वाधिक वेळ मात्र डेटाबेसला द्यावा, कारण ओआरएमच्या, म्हणजे क्वेऱ्या आपोआप लिहून देणाऱ्या लायब्ररीच्या, आड राहून अनेकांचे एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) कच्चे राहते आणि माझ्या मते बढतीच्या पगाराची नोकरी बहुतेकदा इथेच हातची जाते. आपल्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस टाकावा, ऑर्डर्सचे एक टेबल करून त्यात दहा लाख ओळी भराव्यात, आणि एका ग्राहकाच्या ऑर्डरी शोधणारी क्वेरी एक्सप्लेन ॲनलाइझ (क्वेरी कशी चालली हे दाखवणारा आदेश) लावून चालवावी. इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची) नसताना संपूर्ण टेबल वाचले जाते आणि इंडेक्स दिल्यावर तीच क्वेरी कशी बदलते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ते विसरले जात नाही. मग ग्राहक आणि तारीख या क्रमाने जोड-इंडेक्स करून पाहावा आणि केवळ तारखेवर शोधताना त्याचा फारसा उपयोग का होत नाही, हे तपासावे. पन्नास ऑर्डरींच्या यादीसाठी एक क्वेरी आणि प्रत्येकीच्या ग्राहकासाठी आणखी एक, अशा एकूण 51 क्वेऱ्या कोड नकळत पाठवत असतो. तो प्रकार लॉगमध्ये ओळखून एका जॉइनने, म्हणजे दोन टेबले जोडणाऱ्या क्वेरीने, मिटवता आला पाहिजे. व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, आणि लॉकिंग यांचा अभ्यास त्यापाठोपाठ करावा.

आपल्याकडच्या अर्जदारांना एक जमेची बाजू आहे, तिचा उपयोग करावा. ‘क्षि’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर असले, तरी जावास्क्रिप्टमध्ये त्याची लांबी 4 येते आणि यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ते 12 बाइट घेते. नावाच्या रकान्यावरील अक्षरमर्यादा, शोध आणि क्रमवारी मराठीत कुठे बिघडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते प्रकल्पात सोडवून दाखवावे.

सुरक्षेबाबत किमान इतके हवे: पॅरामीटर दिलेल्या क्वेऱ्या (ज्यांत वापरकर्त्याची माहिती क्वेरीच्या मजकुरापासून वेगळी राहते), आर्गॉन 2 किंवा बीक्रिप्टने हॅश केलेले (मूळ रूपात परत न आणता येणारे) पासवर्ड, आणि यूआरएलमधील क्रमांक बदलून दुसऱ्याची ऑर्डर पाहता येणार नाही याची सर्व्हरवरील तपासणी. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत पहिले स्थान याच शेवटच्या प्रकारच्या त्रुटीला मिळाले होते. वेगाच्या बाबतीत, पानावरील मुख्य मजकूर 2.5 सेकंदांच्या आत दिसावा आणि क्लिकला 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हे गूगलचे निकष जाणून आपली साइट त्यांवर मोजावी.

अर्धवट दहा प्रकल्पांपेक्षा एक पूर्ण प्रकल्प ठेवावा: स्वतःच्या डोमेनवर, एचटीटीपीएससह चालणारा, टेस्ट लिहिलेला आणि गिटचा इतिहास वाचनीय असलेला. एआय साधनांनी लिहून दिलेला कोड वापरण्यास हरकत नाही, पण त्यातील प्रत्येक ओळ का आहे हे सांगता येत नसेल तर ती ओळ प्रकल्पात ठेवू नये. रेझ्युमेत ‘परफॉर्मन्स सुधारला’ असे मोघम न लिहिता कोणते पान किती सेकंदांवरून किती सेकंदांवर आणले ते लिहावे, आणि तो आकडा खरा असावा.

कागदपत्रेही वेळेवर पाहावीत. अनेक कंपन्यांत नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असतो, तेव्हा तो कमी करून घेण्याची तरतूद नेमणूकपत्रात आहे का हे अर्ज करण्यापूर्वीच वाचावे. आधीच्या नोकरीचे रिलिव्हिंग लेटर, अलीकडच्या सॅलरी स्लिपा आणि पीएफच्या यूएएन खात्यातील नोकरीच्या तारखा रेझ्युमेतील तारखांशी जुळवून घ्याव्यात, कारण ऑफर हाती आल्यानंतरची पडताळणी याच कागदांवर होते.