नकाशावरची शोधमोहीम: नव्या गेम मास्टरने या चुका टाळाव्यात

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळात (रोल-प्लेइंग गेम) प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि गेम मास्टर त्यांच्याभोवतीचे जग व गोष्ट चालवतो. नवा गेम मास्टर नकाशा बहुधा मन लावून काढतो. खोल्या, बोळ, पायऱ्या, सापळे, सगळे जागच्या जागी असते. तरीही खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात टेबलावर मरगळ येते. खेळाडू ‘डावीकडे जातो’ म्हणतात, गेम मास्टर खोलीचे वर्णन वाचतो, खेळाडू ‘पुढे जातो’ म्हणतात, आणि हेच चक्र चालू राहते. अशा वेळी नकाशा आणखी मोठा करण्याचा मोह होतो, पण दोष सहसा रेखाटनात नसतो. खेळाडूंना ठरवण्यासारखे काही मिळालेले नसते आणि त्यांनी काहीही ठरवले तरी फरक पडत नसतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कोरा फाटा. ‘बोळ दोन दिशांना फुटतो; डावीकडे की उजवीकडे?’ या प्रश्नावर खेळाडू अंदाजपंचे उत्तर देण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. तोच फाटा असा मांडून पाहावा: ‘डाव्या वाटेने गार वारा येतो आहे आणि त्याला ओल्या मातीचा वास आहे; उजवीकडच्या भिंतीवर मशालीची काजळी धरली आहे आणि धुळीत काहीतरी जड ओढत नेल्याची रेघ आहे.’ आता डावीकडे बाहेर पडण्याची वाट असावी आणि उजवीकडे कोणाचा तरी वावर असावा, असा तर्क करता येतो. खेळाडू आपसांत वाद घालू लागतात आणि शोधाची खरी मजा त्या वादात असते. त्यासाठी लांबलचक वर्णन लागत नाही. डोळ्यांना, कानांना किंवा नाकाला जाणवणारी एक खूण प्रत्येक वाटेला पुरते. मात्र ती खूण खरी असली पाहिजे. ओल्या मातीच्या वासामागे काहीच निघाले नाही, तर पुढच्या फाट्यावर खेळाडू खुणांकडे दुर्लक्ष करतील आणि त्यांचे काही चुकणार नाही. याच कारणासाठी कोणतीही वाट निवडली तरी तोच राक्षस समोर आणून उभा करण्याची सवय मुळातच लावून घेऊ नये.

काळाचा हिशेब सोडून देणे ही चूकही तितकीच महाग पडते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळाच्या जुन्या नियमांत भुयारातला वेळ 10 मिनिटांच्या टर्नमध्ये मोजला जाई, एक मशाल 6 टर्न, म्हणजे तासभर जळे, आणि 1981 च्या बेसिक नियमांनुसार साधारणपणे दर दोन टर्नांनी सहा बाजूंचा फासा टाकून 1 पडल्यास भटके राक्षस समोर ठाकत. आजच्या अनेक गटांना हा हिशेब किचकट वाटतो, पण त्यामागचे कारण अजूनही पटण्यासारखे आहे. वेळ मोफत असेल, तर प्रत्येक भिंत ठोकून पाहणे आणि प्रत्येक पेटी तीनदा तपासणे हाच शहाणपणा ठरतो, आणि मग खेळ रेंगाळतो. कागदाच्या कोपऱ्यात सहा चौकटी काढाव्यात आणि खोली नीट धुंडाळणे, कुलूप उघडणे, जखमा बांधणे अशा प्रत्येक कामाला एक चौकट खोडावी. सहावी चौकट खोडली की मशाल विझते. ज्या साहसात उजेडाची अडचण नसेल, तिथे तळघरात चढत जाणारे पाणी किंवा बदलणारा पहारा हेच काम करतो. चौकटी खेळाडूंना दिसतील अशा ठेवाव्यात. दडवलेल्या घड्याळाचा दबाव कोणालाच जाणवत नाही.

वर्णनात फक्त मोजमाप देणे ही तुलनेने किरकोळ चूक आहे. खेळाडूंपैकी कोणी नकाशा काढत असेल, तर लांबी-रुंदी सांगावी, पण आधी खोलीत काय लक्ष वेधून घेते ते सांगावे. त्यांच्या नकाशात चूक झालेली दिसली आणि ती त्यांच्या पात्रांच्या सहज लक्षात आली असती, तर तिथेच दुरुस्त करावी. ऐकण्यातल्या घोटाळ्याची शिक्षा पात्रांना होऊ नये.

गुप्त दाराच्या बाबतीत नियम सोपा आहे: ज्या दाराशिवाय कथा पुढे सरकू शकत नाही, ते एका फाशावर अवलंबून ठेवू नये. गुप्त दारामागे जवळची वाट किंवा जास्तीचा खजिना असावा. मुख्य मार्ग उघडा असावा.

उघड्या प्रदेशाच्या नकाशात नवे गेम मास्टर अनेकदा अख्खे खंड रंगवत बसतात. 1974 मध्ये आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या नियमांनी तर रानातल्या प्रवासासाठी ‘आउटडोर सर्व्हायव्हल’ या 1972 च्या वेगळ्याच बोर्ड गेमचा पट सुचवला होता. साहसासाठी स्वतःचे खंड असण्याची सक्ती कधीच नव्हती. त्याच खेळाच्या 2014 च्या नियमांत मध्यम चालीने दिवसाला 24 मैल, जलद चालीने 30 आणि सावध चालीने 18 मैल अंतर कापले जाते. 6 मैलांचे हेक्स (नकाशावरची षट्कोनी घरे) धरले, तर मध्यम चालीने दिवसाला चार हेक्स होतात. म्हणून सुरुवातीच्या गावापासून चार हेक्सांपर्यंतचा भाग नीट भरावा आणि त्यापलीकडे काही ठळक नावे व अफवा ठेवाव्यात. दुरून दिसणारा पडका बुरूज किंवा धूर ओकणारे शिखर नकाशावर असले, की दिशा निवडायला कारण मिळते. प्रत्येक हेक्सवर फासा टाकून लढाई लादणे मात्र टाळावे. फाशाने राक्षस दाखवला, तरी आधी त्याचा माग, त्याची विष्ठा किंवा दूरवरची हालचाल दाखवावी. लपायचे, बोलायचे की भिडायचे, हे खेळाडू ठरवतील.

ऑनलाइन खेळताना नकाशावरचे धुके, म्हणजे न पाहिलेला भाग झाकणारे आवरण, खोलीखोलीने उघडावे आणि सेशनपूर्वी एकदा खेळाडूच्या खात्यातून ते तपासून घ्यावे, कारण उघडे पडलेले एक दालनही पुढची उत्सुकता घालवते.

एवढे करूनही मधेच सगळे गप्प झाले, तर नवे संकट आणण्याची घाई करू नये. पात्रांनी पाहिलेल्या पण अजून न तपासलेल्या वाटा त्यांच्या खुणांसह मोठ्याने सांगाव्यात: गार वाऱ्याचा बोळ, काजळीची भिंत, आतून कडी घातलेले दार. बहुतेक वेळा खेळाडू अडलेले नसतात, त्यांना पर्याय आठवत नसतात. त्यानंतरही कोणी हलले नाही, तर एक चौकट खोडावी आणि त्यांना ती खोडलेली दाखवावी.